दोनशे किलोची गाडी रोजच्या वापरात: नाशिककरांसाठी पहिल्या काही महिन्यांची तयारी

रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, सुपर मीटिऑर ६५० चं २४१. आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या रोजच्या गाड्या ११०-१२० किलोंत बसतात. आग्रा हायवेला सत्तर-ऐंशीच्या वेगात हा फरक कळतही नाही, उलट जड गाडी जास्त निवांत चालते. फरक कळतो तो सोसायटीच्या उतारावर, शालिमारला दोन स्कूटींच्या मधून गाडी मागे ओढताना, नाहीतर सिग्नलला टेकवलेला पाय नेमका खड्ड्यात गेला तर. नवख्यांच्या गाड्या बहुतेक वेळा उभ्या-उभ्या किंवा चालण्याच्या वेगातच पडतात. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा थांबणं, वळवणं आणि उभी करणं यांनाच दिली आहे.

१. शोरूममध्ये बसू नका, ढकलून बघा

सीटवर बसून आरशात बघितलं की प्रत्येक गाडी आपलीच वाटते. त्याऐवजी इंजिन बंद ठेवून, डाव्या बाजूला उभं राहून गाडी दहा-पंधरा फूट मागे ढकला, मग अर्धवट वळवून पुन्हा पुढे आणा. विक्रेता थोडा कुरकुर करेल, करू द्या. हे एकट्याने जमलं नाही तर रोज सकाळी पार्किंगमध्ये कोणाला तरी हाक मारावी लागेल.

सीटची उंची मिलिमीटरमध्ये विचारा. मीटिऑर ३५० ची ७६५, क्लासिकची ८०५, हिमालयन ४५० ची ८२५. शोरूमची फरशी सपाट असते, रस्ता कडेला उतरता असतो. फरशीवर दोन्ही पायांचे चवडे नीट टेकत असतील तर रस्त्यावर निभतं. नुसती बोटं टेकत असतील तर पुढचं कमी उंचीचं मॉडेल बघा. रोज जे बूट घालता तेच घालून जा.

स्पोकची चाकं दिसायला देखणी, पण त्यांत बहुधा ट्यूब असते. पंक्चर झालं की मागचं चाक उतरवावं लागतं, आणि हायवेवरचे कितीतरी पंक्चरवाले जड गाडीचं मागचं चाक खोलायला सरळ नाही म्हणतात. पहिलीच गाडी असेल तर अलॉय (तारांऐवजी एकसंध ओतलेली) चाकं आणि ट्यूबलेस टायर घ्या. त्यासाठी आवडता रंग सोडावा लागला तरी चालेल.

पैशांच्या बाबतीत ३५० सीसी ही रेघ लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचा दरही ३५० सीसीच्या वर दुपटीहून जास्त होतो. ‘३५०’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक इंजिनांची क्षमता प्रत्यक्षात ३४८-३४९ सीसी का असते, ते यावरून कळेल. ऑन रोड कोटेशनमध्ये ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ नावाची रक्कम दिसली तर ती कशाची, ते लेखी विचारा. विचारलं की बऱ्याचदा ती कमी होते.

२. लायसन्स आणि कागद

आपल्याकडे जड मोटारसायकलसाठी वेगळं लायसन्स नाही. ‘गिअरसह मोटारसायकल’ या एकाच वर्गात शंभर सीसीही येते आणि हजार सीसीही. फसतात ते स्कूटरसाठी ‘गिअरविना’ लायसन्स काढलेले लोक. कार्ड खिशात असतं, पण बुलेटसाठी ते चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी तेच बघते. नवा वर्ग जोडायचा तर सारथी पोर्टलवर शिकाऊ लायसन्स काढा, ३० दिवस थांबा, आणि सहा महिन्यांच्या आत पेठ रोडच्या आरटीओत चाचणी द्या. चाचणीला हलकी गिअरची गाडी नेली तरी चालते. आठ आकडा जड गाडीवर काढून दाखवायची हौस तिथे नको.

नवी गाडी घेताना लागतं ते एवढं: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि कर्ज असेल तर बँकेचे कागद. विम्यात थर्ड पार्टी पाच वर्षांची सक्तीची असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र अनेकदा एकाच वर्षाचा असतो आणि दुसऱ्या वर्षी तो विसरला जातो. पॉलिसीवर दोन वेगळ्या तारखा छापलेल्या असतात, त्या दोन्ही मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. पहिली दोन वर्षं झिरो डेप (सुट्या भागांच्या किमतीतून घसारा न कापणारा विमा) घ्याच. जड गाडी उभ्या-उभ्या पडली तरी इंडिकेटर, लिव्हर, आरसा, लेगगार्ड आणि टाकीवर पोचा एवढं एकदम येतं.

जुनी घेत असाल तर यादी मोठी आहे:

- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या सहीसह
- कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५
- परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ वरची एनओसी
- दोघांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे

पैसे देण्याआधी गाडीवर थकलेले ई-चलन बघा. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. विम्यावरचं नावही १४ दिवसांच्या आत बदलून घ्या. ‘कागद नंतर करू, गाडी घेऊन जा’ म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

जुन्या गाडीत इंजिनाच्या आवाजाइतकंच लक्ष हँडलकडे द्या. गाडी डबल स्टँडला लावून पुढचं चाक हवेत उचला आणि हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला आहे. हँडल दोन्ही टोकांना समान अंतरावर थांबत नसेल तर गाडी कुठेतरी जोरात आदळलेली असते.

३. पहिला आठवडा: वेग नको, आठचा आकडा

सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतले आतले रस्ते साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी मोकळे असतात. तिथे तीन गोष्टी घोटवा.

पहिली, हाफ क्लच. अॅक्सिलरेटर न देता क्लच हळूहळू सोडा. गाडी जिथे पुढे ओढ घेते ती जागा बोटांना सापडली पाहिजे. त्या जागेवर क्लच धरून, मागच्या ब्रेकवर पायाचा हलका भार ठेवून गाडी माणसाच्या चालीने चालवा. मागचा ब्रेक गाडीला ताणून सरळ ठेवतो, क्लच पुढे ओढतो. या दोघांमध्ये दोनशे किलो तोल सांभाळून चालतात. क्लच प्लेट जळेल ही भीती असते, पण पाच-दहा मिनिटांच्या सरावाने काही होत नाही. वास आला तर थांबून दहा मिनिटं थंड होऊ द्या.

दुसरी, यू-टर्न. नजर जिथे बाहेर पडायचं तिथे ठेवा. पुढच्या चाकाकडे किंवा कडेच्या दगडाकडे बघितलं की गाडी तिकडेच जाते. आणि हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबू नका. सरळ चालत्या गाडीत हा ब्रेक सगळ्यात मोठं काम करतो. हँडल वळलेलं असलं की पुढचं चाक जागीच अडतं, वजन वळणाच्या आतल्या बाजूला कलतं आणि पायाने सावरायची वेळ निघून जाते. कमी वेगातल्या बऱ्याचशा पडझडीमागे एवढं एकच कारण असतं. वळणात थांबायची वेळ आली तर आधी हँडल सरळ करा, मग ब्रेक.

तिसरी, जोरात थांबणं. सरळ रस्त्यावर ताशी ४० वरून दोन्ही ब्रेक एकत्र लावा. पुढच्यावर भार जास्त, पण झटका न देता पिळत पिळत. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) जागा झाला की लिव्हर बोटांखाली थरथरतो. घाबरून सोडून देऊ नका, दाबून ठेवा. ही थरथर पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावरच अनुभवलेली बरी.

नव्या इंजिनाला पहिल्या ५०० किमीपर्यंत एकाच वेगात लांब पळवू नका आणि वरच्या गिअरमध्ये घुसमटवू नका. बाकी मर्यादा गाडीच्या पुस्तकात आहेत.

४. गाडी कुठे आणि कशी लावायची

लावण्याआधी निघायचं कसं ते बघा. उतारावर भिंतीकडे तोंड करून गाडी लावली तर ती चढावर मागे ढकलावी लागते, आणि १९५ किलो एकट्याने चढावर मागे जात नाहीत. तळघरातल्या पार्किंगला तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा. उघड्या उतारावर तोंड चढाकडे, पहिला गिअर टाकून, साइड स्टँडवर. न्यूट्रलमध्ये उभी केलेली गाडी पुढे सरकली की स्टँड मिटतो.

साइड स्टँडचा पाय छोटा आणि भार मोठा. पावसाळ्यात मातीत आणि एप्रिल-मेच्या दुपारी मऊ झालेल्या डांबरात तो हळूहळू रुततो. गाडी लावून आत गेल्यावर अर्ध्या तासाने धाड्कन आवाज येतो तो याचाच. चपटा शहाबादी फरशीचा तुकडा किंवा जाड पत्र्याची चकती डिकीत नाहीतर बॅगेत ठेवा आणि स्टँडखाली सरकवा. स्टँडचा पाय रुंद करणारी प्लेटही मिळते.

डबल स्टँडला लावताना ताकद हातांची लागत नाही. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या पकडीवर. उजव्या पायाने स्टँड खाली दाबा, त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले याची खात्री करा, मग अंगाचं सगळं वजन त्या पायावर टाका. गाडी आपणहून मागे चढते. हात फक्त तोल राखतात. हातांनी उचलायला गेलात की कंबर धरते आणि गाडीही जागची हलत नाही.

पावसाळ्यात गोदाघाटावर किंवा गाडगे महाराज पुलाखाली गाडी लावून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणू नका. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढायला वेळ लागत नाही, आणि स्कूटी चौघं उचलून वर नेतात तशी ही नेता येत नाही. गाडी पाण्यात गेलीच तर सेल्फ मारू नका. ऑइलच्या काचेत बघा. ऑइल दुधी दिसलं तर आत पाणी गेलं आहे. गाडी छोट्या हत्तीत घालून गॅरेजला न्या.

५. गाडी पडली तर

पडत असलेली गाडी एका ठरावीक कोनापलीकडे धरू नका. तिथून पुढे खांदा आणि गुडघा जातो, गाडी तरीही पडतेच. सोडा, आणि पाय बाहेर काढा.

मग या क्रमाने:

१. किल स्विच (उजव्या हाताचं, इंजिन बंद करणारं लाल बटण) दाबा, चावी बंद करा. पेट्रोल गळतंय का बघा.
२. उजवीकडे पडली असेल तर डावीकडचा साइड स्टँड आधीच उघडून ठेवा आणि जमलं तर गिअरमध्ये टाका. डावीकडे पडली असेल तर स्टँड गाडीखाली असतो, अशा वेळी पलीकडे कोणाला तरी उभं करा, नाहीतर गाडी उचलून दुसऱ्या बाजूला पडते.
३. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा.
४. गाडीकडे पाठ करा, ढुंगण सीटच्या कडेला टेकवा, गुडघे वाका. एका हाताने खालच्या बाजूचं हँडल, दुसऱ्याने मागची पकड किंवा चॅसीचा भक्कम भाग. इंडिकेटर आणि सायलेन्सर धरायचे नाहीत.
५. पाठ सरळ ठेवून छोटी पावलं टाकत मागे रेटा. काम मांड्यांचं आहे.

उभी झाल्यावर लगेच स्टार्ट करू नका, दोन-तीन मिनिटं ऑइल खाली बसू द्या. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी आडवी झाली की एक सेन्सर इंजिन बंद करतो. चावी बंद करून पुन्हा चालू केली की तो सुटतो. निघण्याआधी ब्रेकचा आणि क्लचचा लिव्हर, ब्रेकपेडल वाकलंय का, हँडल सरळ आहे का, एवढं बघा.

६. गर्दी, उष्णता आणि खोदलेले रस्ते

द्वारकेच्या सिग्नलला क्लच दाबून गिअरमध्ये उभं राहायची सवय मोडा. न्यूट्रल करा. क्लचची केबल, प्लेटा आणि डावा पंजा तिघंही वाचतात. हवेवर थंड होणारं इंजिन उन्हाळ्यात अशा थांब्यात चांगलंच तापतं. लिक्विड कूलिंगच्या गाडीचा पंखा गरम वारा नडगीवर सोडतो, तो बिघाड नव्हे. दोन मिनिटांच्या वर थांबायचं दिसलं तर इंजिन बंद करा. पातळ पँट घालून रोज प्रवास असेल तर मांडीला ते लवकरच कळतं.

सिंहस्थाच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी खोदलेला असेल सांगता येत नाही. खणून बुजवलेल्या पट्ट्यावर थांबू नका, पाय टेकायला पक्की जागा बघून दोन फूट आधीच थांबा. खड्डा चुकवता आला नाही तर ब्रेक त्याच्या आधी लावा आणि खड्ड्यात शिरताना सोडा. दाबलेल्या ब्रेकने पुढचे शॉकअप आधीच बसलेले असतात आणि धक्का सरळ रिमला जातो.

सराफ बाजार, भद्रकाली, रविवार कारंजाच्या गल्ल्यांत जायचं असेल तर घरातली स्कूटर काढा. जड गाडी घेतली म्हणून स्कूटर विकायची घाई करू नका.

७. मागे कोणी बसणार असेल

तुमचे दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला, आणि तुम्ही ‘बसा’ म्हटल्यावरच मागच्याने चढायचं. न सांगता फुटरेस्टवर पाय देऊन चढलेल्या माणसामुळे गाडी उभ्या जागी कलंडते. आई किंवा आजी साडीत एका बाजूला बसणार असेल तर साडीगार्ड आणि त्या बाजूचा फुटरेस्ट आधी लावून घ्या. एका बाजूला बसलेलं वजन तोल डावीकडे खेचतं, म्हणून यू-टर्न मोठा घ्या.

मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) एक-दोन पायऱ्या घट्ट करा, त्याचा वाकडा पाना गाडीच्या टूलकिटमध्ये असतो. मागच्या टायरची हवाही दोघांसाठी वेगळी असते, आकडा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात मिळेल. हेल्मेट दोघांनाही, आयएसआय खुणेचं.

८. घाट, धुकं, काळी माती

कसारा किंवा सापुताऱ्याचा घाट उतरताना गिअर खालचा ठेवा आणि इंजिनला गाडी रोखू द्या. पूर्ण उतारभर मागच्या ब्रेकवर पाय ठेवला तर तो तापून मऊ पडतो, आणि दोनशे किलो अधिक दोन माणसं ऐन वळणावर थांबत नाहीत. वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करा, गिअर उतरवा, मग हलक्या अॅक्सिलरेटरवर वळण घ्या. वेगात गाडी हँडल फिरवून वळत नाही. डावीकडे जायचं तर डावं हँडल हलकेच पुढे ढकलायचं, गाडी डावीकडे कलते. हलक्या गाडीत हे नकळत होतं, जड गाडीत जाणूनबुजून करावं लागतं.

इगतपुरीच्या पुढे पावसाळी धुक्यात हायबीम लावला की समोर पांढरा पडदाच उभा राहतो. लोबीम ठेवा. दिंडोरी-वणी रस्त्याला शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती डांबरावर पसरत जातात. पावसाची सर पडली की त्या मातीचा साबण होतो. तिथे ब्रेक, गिअर, अॅक्सिलरेटर काहीच झटक्यात नको. निफाडकडे ऊस तोडणीच्या दिवसांत रात्री बिनदिव्यांच्या ट्रॉल्या असतात, त्या रस्त्याला अंधारात वेग ठेवू नका.

आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे. मॅप इगतपुरीहून तो रस्ता दाखवतो, कारण त्याला तुम्ही कारमध्ये आहात असं वाटतं.

९. घरची देखभाल

जवळ असावं: हवेचा मीटर, चेन ल्यूब, जुना टूथब्रश, रॉकेल, ट्यूबलेस पंक्चर किट आणि पट्ट्या, छोटा पंप, अॅलन की, जादा फ्यूज.

हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, स्वतःच्या मीटरने बघा. पंपावरच्या मशीनचा आकडा दर ठिकाणी वेगळा येतो. हवा कमी असली की जड गाडीचं हँडल आणखी जड होतं आणि माणूस उगाच कोनसेट बदलून येतो.

चेन साधारण दर ५०० किमीला, पावसात त्याहून लवकर. रॉकेल आणि ब्रशने पुसा, पेट्रोल वापरू नका, त्याने चेनच्या कड्यांतले रबरी ओरिंग खराब होतात. ल्यूब चेनच्या आतल्या बाजूने मारा आणि रात्रभर राहू द्या. ढिलेपणा खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून मोजा. किती हवा ते पुस्तकात मिलिमीटरमध्ये असतं. ‘थोडी टाइट करून द्या’ असं गॅरेजला सांगू नका. दोघं बसले की मागचा भाग खाली बसतो, चेन आणखी ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग भार खातं.

इंजिन ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटारसायकलच्या ऑइलचं मानांकन, इंग्रजीत JASO MA/MA2) लिहिलेलं असलंच पाहिजे. या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरायला लागतो: आवाज वाढतो, वेग वाढत नाही.

सायलेन्सर बदलून ‘फटाके’ काढणारा लावू नका. पोलीस काढून घेतात, दंड होतो, आणि इंजेक्शनच्या गाडीत हवा-पेट्रोलचं गणित बिघडून इंजिन जास्त तापतं.

१०. गाडी स्टार्ट होत नाही तेव्हा

३५० च्या नव्या गाड्यांना किक नाही. दोन आठवडे उभी राहिली की बॅटरी उतरू शकते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस मिनिटं चालवा. नुसती जागेवर चालू ठेवून फारसं चार्जिंग होत नाही. ढकलून स्टार्ट करायची तर दुसऱ्या गिअरमध्ये, उतारावर आणि मागे दोन माणसं घेऊन.

त्याआधी मात्र क्रमाने बघा: साइड स्टँड वर आहे का, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलाय का, क्लच पूर्ण दाबलाय का, फ्यूज शाबूत आहे का. आणि छोट्या हत्तीवाल्याला फोन लावण्याआधी उजव्या हाताचं लाल बटण. पार्किंगमधल्या पोरांनी ते दाबून ठेवलेलं असतं.